चार हात, चोवीस देवी

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे आमच्या घरात चौघांनाही माहीत होतं. त्या दिवशी सोमवार आहे, एवढंच कोणाला माहीत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत घराबाहेर पडलं की तिसऱ्या दिवशी वार पुसले जातात. मग 'नाष्टा झाला का' आणि 'जेवायचं कुठं' एवढ्या दोनच तिथ्या उरतात.

फर्दापूरच्या फाट्यावर गाडी उभी करून मी बंद तिकीटखिडकीकडे बघत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून अप्पांचा आवाज आला. अप्पा म्हणजे माझे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. "आज सोमवार, अजिंठा बंद. उद्या मंगळवार, वेरूळ बंद. जावईबापू, दोन्ही सुट्ट्या बरोबर साधल्यात तुम्ही." जावयाच्या नियोजनावर याहून सौम्य शब्दांत टीका करणं कुठल्याही सासऱ्याला शक्य नसतं. लेकीला ते पुरेसं सौम्य वाटलं नाही की पुरेसं कडक वाटलं नाही, कोण जाणे. तिनं आपल्या परीनं आणखी भर घातली. ती इथं देत नाही.

परतताना गोळेगावला चहाला थांबलो. चहावाल्यानं आमचे चेहरे बघूनच ओळखलं. सोमवारचे चेहरे तो दर आठवड्याला बघत असणार. "लेणी बंद ना? मग अन्व्याला जा की. दहा-एक किलोमीटर हाय. मढ पाहा." मी विचारलं, "तो सोमवारी उघडा असतो?" त्यानं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की कपातल्या चहावर साय धरली. "महादेवाचं देऊळ हाय साहेब. सोमवारी उघडं नसंल तर कधी असंल?"

हे मला सुचायला हवं होतं. अजिंठ्याला सोमवारची सुट्टी, महादेवाला सोमवारचीच ड्यूटी.

गोळेगाव सोडून पूर्वेला वळलं की थोड्या वेळात संभाजीनगर जिल्हा संपतो आणि जालना जिल्हा, तालुका भोकरदन, सुरू होतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. 'जालना सोने का पालना' ही म्हण शहरापुरती असेल, पण त्या दिवशी उन्हात तो पालना पांढराशुभ्र दिसत होता. मी लगेच ज्ञान वाटायला घेतलं. गाडी चालवणाऱ्या माणसाला हा एक हक्क असतो. ऐकणाऱ्यांना उतरून जाता येत नाही.

"हे जे भोकरदन आहे ना," मी म्हणालो, "त्याचं जुनं नाव भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वीचं भरभराटीचं गाव. १९७३ मध्ये इथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. आणि तिच्यासारखीच एक, कुठं सापडली असेल? इटलीत! पॉम्पेईला! १९३८ मध्ये!"

"म्हणजे भोकरदनची बाई इटलीला जाऊन आली," मागून हिचा आवाज आला, "आणि आपल्याला अजिंठा जमेना."

"आली नाही," अप्पांनी दुरुस्त केलं. "इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखी फुटला. ती तिथंच राहिली."

तिथल्या मूर्तीचं आणि इथल्या मूर्तीचं नेमकं नातं काय, यावर अभ्यासकांचं चाललेलं असतं. आमच्या गाडीत मात्र ते सख्ख्या बहिणींचं ठरून गेलं. माझी गाडी आता सांचीपर्यंत पोचली होती. सांचीच्या स्तूपासाठी ज्यांनी दान दिलं, त्यांत भोगवर्धनची माणसंही आहेत, आणि त्यांची नावं तिथं दगडावर कोरलेली आहेत. म्हणजे आमच्याआधी दोन हजार वर्षं या भागातली माणसं तीर्थाटनाला जाऊन दगडावर नाव सोडून येत होती. एवढंच, की ती आधी पैसे देत आणि मग नाव कोरत. पुढे १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर अजिंठ्यात शिरला आणि दहाव्या लेण्यात चक्क आपलं नाव आणि तारीख खरडून आला. दान वगैरे काही नाही. आधुनिक पर्यटन तिथून सुरू झालं असं माझं मत आहे. आज तेच कोणी केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

"बाबा, वळण गेलं," आमची कन्या म्हणाली.

अन्वा गावात मढ विचारावा लागत नाही. घरं, गोठे, एक किराणा दुकान, आणि त्यांच्या मधोमध उंच जोत्यावर दगडी देऊळ. सोसायटीच्या आवारात हत्ती येऊन बसावा आणि चार दिवसांनी कोणी त्याच्याकडे बघेनासं व्हावं, तसं गाव त्याच्याभोवती निवांत होतं. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक होता. त्याच्या सावलीत एक शेळी होती. फलकावरची एकही सूचना मोडत नव्हती ती एकटीच.

बूट काढता काढता मी जाहीर केलं, "हेमाडपंती."

मराठी माणसाला दगडी देऊळ दिसलं, की हा शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडतो. शिंक आल्यावर 'अयाई गं' येतं तसा. कन्येनं मोबाइलवरून डोकं वर काढलं. "हेमाडपंत कधी झाले?"

"यादवांच्या दरबारात. महादेव यादव, रामचंद्र यादव. तेराव्या शतकात."

"इथं तर बाराव्या शतकातलं देऊळ असं दाखवतंय."

"मग?"

"मग हेमाडपंत जन्मायच्या आधीच हेमाडपंती कसं?"

या माणसाच्या नावावर आपण मोडी लिपी घातली, बाजरी घातली आणि महाराष्ट्रातलं प्रत्येक बिनचुन्याचं देऊळ घातलं. यादवांचा कारभार तो नेमका कधी बघत असे, हा प्रश्न मला त्या पायरीवर पहिल्यांदा पडला. मंडपात टेकून बसलेल्या एका बाबांनी मात्र माझी सुटका केली. "हेमाडपंतबिंत कोन नाय. पांडवायनं बांधलं. एका रात्रीत." आमच्या इमारतीचा ताबा साडेपाच वर्षांनी मिळालेला असल्यामुळे या माहितीनं आम्ही चौघंही काही वेळ गप्प झालो.

मंडपातले खांब बघायला लागलो आणि खरंच गप्प झालो. एकाच दगडात चौकोन संपून अष्टकोन कुठं सुरू होतो आणि अष्टकोनाचा गोल कधी होतो, ते बोट फिरवून बघावं असं वाटत होतं. निळ्या फलकाची आठवण ठेवून बोट मागं घेतलं. वर छतात नक्षीची वर्तुळं एकात एक आत जात होती. अप्पा मान वर करून इतका वेळ उभे राहिले, की हिला त्यांच्या मानेच्या पट्ट्याची आठवण झाली.

खरी गंमत बाहेरच्या भिंतीवर होती. तिथं देवी उभ्या आहेत. बघताना आधी वाटतं, सगळ्या सारख्याच. मीही तसंच म्हणालो. मग आठवलेलं वाचन कामी आलं. आज गाभाऱ्यात महादेव असला तरी देऊळ मूळचं विष्णूचं, असं जाणकार मानतात, आणि त्याचा एक पुरावा म्हणजे या देवी. विष्णूची चोवीस रूपं; केशव, नारायण, माधव, गोविंद ही आपण आचमनाला घेतो तीच. त्या रूपांच्या या शक्ती. चेहऱ्यावरून त्या ओळखायच्या नसतात. ओळखायच्या हातांवरून.

"म्हणजे?" ही म्हणाली.

"चार हात. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू. कोणत्या हातात काय, ते खालच्या उजव्यापासून सुरू करून गोल वाचायचं. क्रम बदलला की नाव बदललं."

अप्पांची मान छतातून एकदम खाली आली. "पहिल्या हाताला चार पर्याय. दुसऱ्याला तीन. तिसऱ्याला दोन. चौथ्याला एक. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक." त्यांचा आवाज बारीक झाला. "चोवीस! अरे, चोवीसच!" पस्तीस वर्षं दहावी-बारावीच्या पोरांना क्रमपर्याय शिकवताना त्यांनी फळ्यावर लाल, निळे, हिरवे, पिवळे चेंडू काढले होते. जन्मभर चेंडूंवर भागवलं आणि उदाहरण इथं आठ-नऊशे वर्षं भिंतीवर उभं होतं, याचं दुःख त्यांना लपवता येईना. लगेच त्यांनी प्रदक्षिणेला सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, एकेका देवीपुढे हजेरी घेतल्यासारखी. काहींचे हात तुटलेले. तिथं ते थांबून पुटपुटायचे, "दोन माहीत, दोन अज्ञात." आम्ही चौघांनी देवी मोजल्या आणि चार वेगळे आकडे आले.

माझ्या मात्र डोक्यात किडा शिरला. मी माणसंही तशीच वाचायला लागलो. ही: खालच्या उजव्या हातात पर्स, डाव्यात पाण्याची बाटली, काखेत शाल, आणि चौथा हात अदृश्य असून तो कायम माझ्या दिशेनं रोखलेला. कन्या: उजव्यात मोबाइल, डाव्यात मोबाइलची बॅटरी, बाकी सृष्टी नाही. अप्पा: छत्री आणि रुमाल, मूळचे. ही आयुधं काढून घेतली तर या तिघांना मी गर्दीत ओळखेन का, असा विचार आला आणि मी तो तिथंच सोडून दिला. संसारी माणसानं मूर्तिशास्त्रात फार खोल जाऊ नये.

गाभाऱ्याच्या दाराशी एक आजी बसल्या होत्या. सोमवार होता, त्यांच्यासमोर ताटलीत बेलाची पानं होती. मी वाकून आत जायला लागलो तर त्यांनी हटकलं.

"कुठून आले?"

"पुण्याहून, आजी."

"लई दुरून आले. आन् देवाला हात हालवत आले?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. एकात मोबाइल होता, दुसऱ्यात गाडीची किल्ली, टोपी आणि गॉगल. हात हलवायलासुद्धा जागा नव्हती, पण आजींच्या हिशेबात ते रिकामेच होते. काही बोलायच्या आत त्यांनी एक त्रिदळ उचललं. मी सवयीनं डावा हात पुढं केला.

"उजवा, बाबा. उजवा कर."

मी किल्ली खिशात टाकली, टोपी डोक्यावर घातली, गॉगल टोपीवर चढवला, मोबाइल डाव्या हातात घेतला आणि उजवा पुढे केला. देवाला जाण्याआधी माणसाला एवढी बदलाबदली करावी लागते, हे पुण्यात कोणी सांगितलं नव्हतं. मूळच्या विष्णूच्या देवळात मी महादेवाचा बेल घेऊन शिरलो. त्या वास्तूनंच एवढा मोठा बदल सोसलाय. माझा एक तिनं मनावर घेतला नसावा. बेल वाहिला, आजींनी परत येताना प्रसादाचं म्हणून आणखी एक पान हातावर ठेवलं, उजव्याच, आणि कन्या ओरडली, "बाबा, इकडे बघा!"

त्या रात्री लॉजवर फोटो फिरत होता. अप्पांनी चष्मा वर सरकवून तो नीट लावला, खालच्या उजव्यापासून.

"दोन हात," ते म्हणाले. "दोन वस्तू. पान आणि मोबाइल. दोन गुणिले एक. शक्यता फक्त दोन." ते थांबले. वर्गाला विचार करायला वेळ देतात तसे. "पान उजव्यात असेल तर हा भाविक. मोबाइल उजव्यात असेल तर पर्यटक."

आजींनी पान उजव्या हातावरच ठेवलं होतं. मला शपथेवर आठवतंय.

कन्येनं फोटो मोठा करून दाखवला. पान डाव्या हातात होतं.