पँट तीच, प्लेटा जास्त

अंगात ताकद यावी, पण शिंप्याकडे जायची वेळ येऊ नये, अशी माफक अपेक्षा असणाऱ्या नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मार्गदर्शकाची पात्रता : वय 47, वजन 68 किलो, आणि गेल्या दिवाळीपर्यंत गॅसचा सिलिंडर आत घ्यायला वॉचमनला हाक मारायची सवय.

सुरुवात खरेदीने करा. हातमोजे, कमरेचा पट्टा आणि शेकर. शेकर हातात आला की निम्मी ताकद आल्यासारखी वाटते. ती शेकर विसळायची वेळ येईपर्यंत टिकते.

मग जिममध्ये जा आणि दांडीला दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा लावा. घरी येऊन 'वीस उचलले' असं जाहीर करा. ऑलिम्पिक मापाची मोकळी दांडीच 20 किलोची असते, हे तुम्हाला महिन्याभराने कळेल. माणूस स्वतःबद्दल कमी सांगतो असा आयुष्यातला हा एकमेव महिना.

आता डेडलिफ्ट. दांडी नडगीला चिकटेल इतके जवळ उभे राहा, पोटात श्वास भरून घ्या, पाठ सरळ ठेवा आणि पायांनी जमीन खाली ढकला. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात बावीस वर्षांचे ट्रेनर सर मागून ओरडतात, "काका, पाठीचं धनुष्य करू नका! ढुंगण खाली!" हे वाक्य भर जिममध्ये ऐकून घेणं हा या व्यायामातला सर्वांत जड भाग. नडगीवर साल निघाल्याची रेघ उमटते. घरी विचारलं तर टीपॉय लागला म्हणा.

इथे नवशिक्याला भीती वाटते की आता आपण फुगणार. काळजी नसावी. बंद पडलेली एसटी ढकलायला वीस जण उतरतात. त्यातले आठ जोर लावतात, बाकीचे बारा नुसते हात टेकवून तोंडाने 'हां, हां' करत असतात. आपले स्नायू अगदी असेच असतात. पहिले काही आठवडे जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्था त्या बारा जणांना नावानिशी हाक मारायला शिकते म्हणून. एसटीत नवा प्रवासी चढवावा लागत नाही.

या बारा जणांना जाग मात्र जड वजनानेच येते. आठवड्यातून तीन दिवस, एका सेटमध्ये तीन ते पाच वेळा उचलायचं आणि मग तीन मिनिटं स्वस्थ बसायचं. बसणं हाच व्यायाम आहे, हे शेजारी ताटकळणाऱ्या मुलाला पटत नाही. तो दर मिनिटाला "काका, झालं का?" विचारतो. 'दोन सेट राहिलेत' म्हणा आणि छताकडे बघा.

वजन एकदम वाढवू नका. दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलो, बस्स. या चिमुकल्या प्लेटा कुठल्याच जिममध्ये जागेवर सापडत नाहीत. आमच्याकडे एक दाराला टेकण म्हणून लावलेली असते. सव्वा किलोला हसणाऱ्यांनी सांगलीच्या संकेत सरगरला आठवावं. घरचा पानाचा गाळा सांभाळत वाढलेला हा मुलगा 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून आला, आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. आणि टोकियोत रौप्य मिळवताना मीराबाई चानूने 49 किलो गटात 115 किलो डोक्यावर धरले होते. तिची पँट कोणत्या मापाची असेल ते तुम्हीच ठरवा.

राहिला आहार. रोज किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माझ्यासाठी 110 ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा. हा भागाकार बायकोसमोर करू नका. डाळ, दही, पनीर, चिकन यांनी थोडं थोडं करत गाडी पुढे न्यावी. 'बल्किंग' नावाचं निमित्त तरुणांसाठी राखून ठेवलंय, आपलं बल्किंग लग्नानंतर आपोआप झालेलं असतं. आणि हो, मिसळीत मटकी असते, मटकीत प्रथिनं असतात, हे खरं. पण तर्री, फरसाण आणि चार पाव ही त्या मटकीची वरात झाली.

दर रविवारी उपाशीपोटी वजन करा आणि पट्ट्याचं भोक बघा. भोक तेच आणि दांडी जड, म्हणजे बरं चाललंय.

परवा सिलिंडर आला. भरलेला, 30 किलोच्या आसपासचा. मी नडगी टेकवली, श्वास भरला, पाठ सरळ, ढुंगण खाली, आणि दारातून थेट ओट्याखाली नेऊन ठेवला. कुणाला हाक नाही, काही नाही. हात झटकत उभा राहिलो.

"अहो," आतून आवाज आला, "वॉचमनला बोलवा जरा. रेग्युलेटर बसत नाहीये."