एकशे चार हिमोग्लोबिन

लेस्टर, रविवार

ती. आईंना,

तुमच्या चिरंजीवांचं हिमोग्लोबिन एकशे चार आलंय. घाबरू नका आणि खूशही होऊ नका. इथे ते लिटरमागे मोजतात. आपल्याकडच्या लॅबने हेच 10.4 छापलं असतं. पुरुषाचं निदान 13 तरी हवं. हे मात्र ‘शंभरच्या वर आहे’ म्हणून मित्रमंडळींत मिरवून आले.

जिना चढताना धाप, जेवल्यावर पेंग, सगळ्याचं खापर आम्ही साखरेवर फोडत होतो. त्यात तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा चढलेला, आणि घरी बोट टोचून बघावं तर साखर बरी! मी लाडवांचा डबा मोजायला लागले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. लोह कमी पडलं की रक्तातल्या पेशी जुन्या होईपर्यंत फिरत राहतात, त्यांना साखर जास्त चिकटते आणि रिपोर्ट फुगतो. त्यावर विसंबून मधुमेहाची औषधं वाढवत नेली, तर साखर नको इतकी उतरायची. चिरंजीव निर्दोष सुटले. तेव्हापासून चहाबरोबर बिस्किट मागतात, अब्रूनुकसानीची भरपाई म्हणून!

बाई मात्र हसल्या नाहीत. मधुमेहाने हृदय, डोळे, मूत्रपिंडं आधीच जेरीला येतात, त्यात रक्त कमी म्हणजे प्राणवायूचीही टंचाई. रक्त तयार करा असा हुकूम सोडणारं संप्रेरक मूत्रपिंडांतच बनतं, म्हणून ती तपासली. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 घटू शकतं, तेही बघितलं. पोटात कुठे रक्त जातंय का, यासाठी शौचाच्या नमुन्याची नळी घरी आली. भरून पोस्टाने पाठवायची! लाल पेटीशी शेजारीण भेटली, तर हे लिफाफा कोटात लपवून तिच्याशी हवापाण्यावर बोलत राहिले.

आता लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. त्यांनी शौचाला काळं होतं, तेव्हा ह्यांनी घाबरून फोन केला तर तेवढं सांभाळून घ्या. जेवणानंतर लगेच चहा बंद, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. वरणावर लिंबू पिळते.

एक विनंती. ‘रक्त वाढतं’ म्हणून गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवू नका. गूळ झाला तरी साखरच. हळीव पाठवा, आणि माळ्यावरची लोखंडी कढई. मामांची बॅग इकडे येताना अर्धी रिकामी असते, मी मामींना विचारलंय.

आपली,
सूनबाई