उद्या वाचसू!

जळगाव-धुळ्यात वाचनाचा वार रविवार. भरीत-पार्टीचाही रविवारच. हिवाळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायला लागली आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या आल्या, की भल्या भल्या कादंबऱ्या आडव्या होतात. वाचकही आडवा होतो. सोमवारी ऑफिस, मंगळवारी पोरांचा क्लास, मग एक दिवस लग्न, एक दिवस हळद. नळाला पाणी येणार तो दिवस तर सणच. हंडे, बादल्या, पिंप भरायची सोडून पुस्तक उघडणारा माणूस घरात कोण ठेवून घेईल? उशाशी ठेवलेल्या पुस्तकाचा उपयोग होतो, नाही असं नाही. त्यावर चष्मा राहतो, बीपीची गोळी राहते. विचारलं तर उत्तर ठरलेलं : “उद्या वाचसू!”

असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. शेत, चूल, जातं सांभाळत त्यांनी कविता रचल्या; मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या १९५२मध्ये छापून आल्या. आता विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आम्हा पदवीधरांना वेळ नाही. २०२४मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, तेव्हा पुस्तकं घेतली, पिशवीसकट फोटोही काढले. पिशवी रोज भाजीला जाते.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७पासून उभं आहे. रिक्षातून नुसती पाटी वाचून पुढे जाऊ नका, एकदा उतरून आत जा.