सुरकुती नको, भो!

मॉडेल विमानांचा नाद लागलेली माणसं दोन जातींची: उडवणारी आणि मढवणारी. उडवणारे ओळखायला सोपे. ते निंबाच्या शेंड्याकडे बघत उभे असतात, नाहीतर दुसऱ्याच्या कपाशीतून शिव्या खात बाहेर येत असतात. मढवणारा घरात सापडतो, दार लावून. जळगावजवळच्या असोद्याचे आप्पा मढवणारे.

ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर आप्पांनी आधी भजनी मंडळ पाहिलं, मग सोसायटीचं राजकारण पाहिलं आणि शेवटी बाल्सा लाकडाकडे वळले. हे हलकंफुल्लं लाकूड मुख्यतः इक्वेडोरहून येतं. त्याचा सांगाडा करायचा आणि त्यावर रंगीत पॉलिस्टर फिल्म इस्तरीनं चिकटवायची. फिल्मच्या एका अंगाला गोंद असतो. शंभर अंशांच्या आसपास तो धरतो, आणि दीडशेच्या जवळ फिल्म आकसून ताठ बसते. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, पण आप्पांसमोर तसं म्हणू नये. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला असतो, तेव्हा हा माणूस पंखा बंद करून इस्तरी तापवतो. पंखा लावला की फिल्म फडफडते आणि भूस उडतं म्हणे.

पहिली फिल्म त्यांनी घरच्या इस्तरीनं बसवली. तिचा लाल रंग तव्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी काकूंच्या लग्नाला नेसायच्या साडीवर उतरला. तेव्हापासून घरात दोन इस्तऱ्या आहेत आणि बोलणं बेताचं आहे. आप्पांच्या इस्तरीला सुती मोजा चढवलेला असतो, फिल्मवर ओरखडा नको म्हणून. तो मोजा नातवाचा. त्याचा जोडीदार नातू अजून शोधतो आहे.

आप्पांचा खरा रंग दिसतो तो नवशिक्या आल्यावर. जळगावच्या इंजिनिअरिंगची पोरं स्पर्धेसाठी विमान घेऊन येतात. परवा सबमिशन, म्हणून आजच मढवून पाहिजे असतं. आप्पा पंखावरून बोट फिरवतात, बोट उजेडात धरतात आणि म्हणतात, "हे काय हाये रे भो? भूस." मग दुपारभर पॉलिश पेपर. फिल्म कागदापेक्षा पातळ, खालचा एक कणही वर उठून दिसतो. पोरगं घासत असताना आप्पा त्याला 1903 सालात नेतात: राईट बंधूंच्या विमानाचे पंख मलमलीनं मढवलेले होते, मलमल म्हणजे कापूस, आणि कापूस म्हटल्यावर खान्देशाला बाजूला कसं ठेवणार? तो कापूस कुठला होता हे आप्पा सांगत नाहीत. पोरंही विचारत नाहीत. संध्याकाळच्या जेवणाला काकूंचं भरीत असतं.

मग परीक्षा. फिल्मच्या गोंदाच्या बाजूला एक पारदर्शक अस्तर असतं, ते सोलून काढायचं असतं. हे आप्पा मुद्दाम सांगत नाहीत. पोरगं घाम गाळत इस्तरी फिरवत राहतं, फिल्म काही केल्या धरत नाही आणि आप्पा शांतपणे सुपारी कातरतात. बऱ्याच वेळानं "आधी सोल तिले" एवढंच म्हणतात. दोन बाजूंना चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढले की अस्तर सुटतं, हा मंत्र त्यानंतर मिळतो.

पुढचे नियम मात्र मनापासून सांगतात. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे जोड वरून दिसत नाही. आधी कडा धरायच्या, मधलं सैल राहू द्यायचं, आकसायचं काम शेवटी. एकाच बाजूला उष्णता दिली तर पंख पिळवटतो, म्हणून खाली-वर आलटून पालटून. फुगा आला तर सुईचं भोक. आणि घाई नको. घाई केलेल्याचा पंख भरतासाठी भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा दिसतो, मग त्याला विझवायचं की सोलायचं एवढाच प्रश्न उरतो. सुगरणीच्या खोप्यावर कविता रचणाऱ्या बहिणाबाईंचं असोदा हे माहेर, त्यामुळे रागवताना दाखला शोधायला आप्पांना वेशीबाहेर जावं लागत नाही.

त्यांची स्वतःची विमानं भिंतीवर टांगलेली आहेत. एकाही पंखावर सुरकुती नाही आणि एकाही चाकाला माती नाही. कधी उडवणार, असं विचारलं की हिवाळ्यात धुकं असतं, उन्हाळ्यात गरम हवेनं फिल्म सैल पडते, पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. मधल्या चार दिवसांत नेमकी ग्रामपंचायतीची निवडणूक येते. मला वाटतं, आप्पांच्या लेखी आकाश ही फिल्म खराब करणारी जागा आहे.

पोरांचं विमान उडालं. दोन फेऱ्या घेतल्या, तिसरीत नाकावर आलं. संध्याकाळी ती मंडळी अवशेष पोत्यात घालून असोद्याला आली, रडवेली. आप्पांनी चष्मा पुसला, पोतं ओतलं, एक तुकडा उचलून खिडकीपाशी नेला. पंखाचे तीन तुकडे झाले होते, पण तिन्ही फिल्मला लोंबत होते.

"अहो, या तर बघा!" त्यांनी काकूंना हाक मारली. "लाकूड पार गेलं, पण जोड एक सुटला नाही!"

आणि पंख मढवणाऱ्या पोराच्या पाठीवर अशी थाप मारली, की ते बिचारं पुन्हा रडायला लागलं.