पोरगं कोणाचं?

म्हसावदच्या स्टँडवर उमेदवारीची चर्चा लवकर आटपते. अर्धं काम आरक्षणानेच केलेलं असतं. नंदुरबारची लोकसभा आणि जिल्ह्यातल्या चारही विधानसभा अनुसूचित जमातींसाठी राखीव. मग उरतं ते भिल्ल, पावरा की कोकणी, डोंगरातला की सपाटीवरचा. तेही मिटलं की मुद्द्याचा प्रश्न येतो: पोरगं कोणाचं? २०२४ ला डॉ. हीना गावित विरुद्ध गोवाल पाडवी अशी लढत झाली. तिचे वडील तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री, त्याचे वडील माजी आदिवासी विकासमंत्री. विकासाची सुरुवात घरापासून करावी, असं म्हणतातच.

बायांचं गणित मात्र पंचायतीत बघावं. २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्या. त्याबरोबर गावोगाव एक पद उगवलं, सरपंचपती. कायद्यात तरतूद नाही, मानधन नाही, तरी इच्छुकांची रांग! बॅनरवर ताईंचा फोटो, खाली मोबाईल नंबर भाऊंचा. सही तिची, शिक्का याच्या खिशात. अखेर २०२३ मध्ये केंद्राने यावर समिती नेमली. भाऊंनी धसका घेतलाय. हल्ली ग्रामसभेत ते खुर्चीवर बसत नाहीत, खुर्चीच्या मागे उभे राहतात. तिथून सांगायला सोपं पडतं.