टाकीची सभा आणि टाउन हॉल

आमच्या वाकोल्याच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी धुवायची म्हटली तरी सभा भरते. कोरम होत नाही, अर्धा तास वाट बघतात, दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ म्हणून गरजतात, मग चहा. सोमवारी हेच काका शेअर रिक्षाने बीकेसीला उतरतात, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवतात आणि एसीने कुडकुडले तरी ‘जरा कमी करा’ म्हणत नाहीत.

ऑफिसात लोकशाही नाही असं नव्हे. टाउन हॉल असतो. साहेब पडद्यावरून ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हणतात. (पगारवाढीच्या महिन्यात आपण लांबचे नातेवाईक.) प्रश्न विचारायची पूर्ण मुभा, फक्त ते आदल्या दिवशी पाठवायचे.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हवा, असं राज्यघटनेत १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून लिहिलेलं आहे, कलम ४३क. पण ते मार्गदर्शक तत्त्व. कोर्टात जाऊन मागता येत नाही. भिंतीवरच्या सुविचारासारखं.

शेजारच्या कुर्ल्यात मात्र बंद पडलेला कमानी ट्यूब्सचा कारखाना १९८८ साली कामगारांच्याच सहकारी संस्थेकडे आला. पुढे तोही अडचणीत सापडला, तर अजून ऐकवतात, ‘बघा, कामगारांना जमतं का!’ आधी मालकांच्या हाती असताना बंद पडला, तेव्हा मालकांना जमतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

काका हे सगळं ऐकून मान डोलावतात. रविवारी पुन्हा सभा आहे. विषय : गळका पाइप.