दगडात राणी कशी पाहावी?
(नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

तैवानच्या उत्तर किनाऱ्यावर येह्लिऊ नावाचे भूउद्यान आहे. समुद्रात घुसलेल्या १.७ किलोमीटरच्या या भूशिरावर फक्त दगड आहेत. ते नुसते पाहून चालत नाही, त्यांच्यात काहीतरी दिसावे लागते. त्यासाठी ही कृती.

१. तैपेईहून १८१५ क्रमांकाची बस धरावी. हिवाळ्यात जात असाल तर रेनकोट न्यावा. ईशान्येचा वारा तिथे छत्री फार वेळ छत्री राहू देत नाही.

२. आख्यायिका आधी पाठ करावी. हे भूशिर म्हणजे एक उच्छादी कासव. त्याला वठणीवर आणायला स्वर्गातून अप्सरा आली आणि जाताना चप्पल विसरली. चप्पल अजून किनाऱ्यावर आहे, दगडाची, एकाच पायाची. अप्सरा तशीच कशी परतली, असे विचारू नये. गर्दीच्या देवळातून आपणही तसेच घरी येतो.

३. सोबत चिकित्सक माणूस असल्यास त्याला शास्त्र सांगून गप्प करावे. वाळूखडकात चुनखडीने घट्ट झालेले गोळे असतात. लाटा आणि वारा भोवतालचा मऊ खडक खरवडतात, टणक गोळा वर उरतो आणि छत्रीच्या आकाराचे दगड तयार होतात. जमीन हळूहळू वर उचलली जात असल्याने समुद्राला नवा माल मिळत राहतो.

४. आता राणी, म्हणजे राणीच्या डोक्यासारखा दिसणारा दगड. तिच्यासाठी रांग असते, ती लावावी. नंबर आला की सांगितलेल्याच जागी उभे राहावे, कारण त्यात इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ एकाच बाजूने दिसते. दुसऱ्या बाजूला नुसता दगड आहे. घाई असेल तर प्रवेशद्वाराजवळ तिची प्रतिकृती आहे. व्हॉट्सॲपवर फरक कळत नाही.

५. राणीची मान दरवर्षी बारीक होते आहे, हे कळल्यावर हळहळावे. हिनेच १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली, हे आठवले तर हळहळ जरा आवरती घ्यावी. वारस म्हणून ‘राजकुमारी’ नावाचा दुसरा दगड तयारच आहे.

६. दगडांवरची लाल रेघ ओलांडू नये. इथे विनोद थांबवावा. उद्यानात लिन तिएन-चेन या मच्छीमाराचा पुतळा आहे. १९६४ साली समुद्रात पडलेल्या विद्यार्थ्याला वाचवायला त्यांनी उडी घेतली, ते परत आले नाहीत. सेल्फी काढण्यापूर्वी हा पुतळा पाहावा.

७. शेवटी हिशेब करावा. राणीचा दगड हजारो वर्षे उभा आहे, पण राणी झाला तो १९६०च्या दशकात, वरचा तुकडा निखळल्यावर. ज्या झिजेने तिला गादीवर बसवले तीच आता तिची मान कापते आहे. म्हणजे आजूबाजूचे बिननावाचे दगडही उमेदवारच आहेत, आणि त्यांच्यापुढे रांग नाही. त्यांतला एखादा निवडून तो कोणासारखा दिसतो ते ठरवावे. नावे ठेवण्याचा सराव आपल्याला आहेच. मात्र सोबत नातेवाईक असतील तर मनातल्या मनात ठेवावीत.